पेनड्राइव्हवर काय जाते, काय जात नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सहा माणसे. आजी-आजोबांना नाट्यसंगीत आणि अभंग हवेत, मुलांना सिनेमे, आणि गाडीत पेनड्राइव्हवर गाणी. मे महिन्यात सगळे कोकणातल्या घरी जातात, तिथे रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यातच येते. चोरीच्या साइटवरून काही घ्यायचे नाही. मग डाउनलोड करायचे कुठून आणि कसे? शिवाय सुट्टीत सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना एखादा सिनेमा दाखवायचा आहे, ते चालेल का?

आधी एक गाठ सोडवू. डाउनलोड हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. वर्गणीच्या ॲपमध्ये खालच्या बाणावर बोट ठेवून उतरवलेले गाणे हा पहिला प्रकार. पैसे मोजून घेतलेली आणि आपल्या संगणकावर राहणारी फाइल हा दुसरा. हक्कांची मुदत संपलेली किंवा निर्मात्यानेच मोकळी सोडलेली कृती हा तिसरा. कोकणातल्या आठ दिवसांसाठी पहिला प्रकार पुरतो. गाडीच्या पेनड्राइव्हला तो काडीचाही उपयोगी नाही. आजोबांच्या जुन्या नाट्यपदांसाठी बहुधा तिसराच लागेल.

ॲपमधले डाउनलोड म्हणजे वाचनालयातून आणलेले पुस्तक. फाइल फोनमध्ये असते, पण कुलूपबंद, आणि किल्ली कंपनीच्या सर्व्हरकडे. वर्गणी थांबली की गाणी गप्प होतात. ॲप काढून टाकले किंवा सेटिंगमध्ये जाऊन त्याचा डेटा पुसला, तर सगळा साठा जातो. सेवाच बंद पडली तरी तेच. रेसो हे गाण्यांचे ॲप जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेले, त्याच वर्षी विंकही बंद झाले, आणि त्यांत साठवलेल्या याद्या वाऱ्यावर गेल्या. याच्या उलट फ्लिपकार्टचे फ्लाइट नावाचे दुकान बघा. २०१२ मध्ये उघडले, २०१३ मध्ये मिटलेही, पण तिथे साध्या एमपी३ फाइली विकत मिळत. ज्यांनी त्या जपून ठेवल्या त्यांची गाणी आजही वाजतात. हा फरक घरात सगळ्यांना समजला, की कशासाठी वर्गणी भरायची आणि कशासाठी विकत घ्यायचे हे आपोआप ठरते.

आता गावी जाण्याची तयारी. ती निघायच्या आदल्या रात्री करू नका, दोन-तीन दिवस आधी घरच्या वायफायवर करा. कारण घोळ होतो तो इथेच.

पहिली अडचण फोनांच्या संख्येची. नेटफ्लिक्सच्या मोबाइल आणि बेसिक प्लॅनवर एकाच उपकरणात डाउनलोड ठेवता येते, स्टँडर्डवर दोन, प्रीमियमवर सहा. जुना फोन विकलात पण त्यातले डाउनलोड काढले नसतील, तर ती जागा अडकलेली असते. खात्याच्या सेटिंगमध्ये उपकरणांची यादी असते, तिथून जुने नाव काढावे लागते. काही सिनेमे वर्षातून ठरावीक वेळाच उतरवता येतात, म्हणून सारखे पुसून परत घेण्याचा खेळ नको.

दुसरी अडचण मुदतीची. स्पॉटिफायमधली उतरवलेली गाणी टिकवायची तर ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावे लागते, यूट्यूब प्रीमियमचेही तसेच. आजोबांचा दुसरा फोन महिनाभर विमान-मोडवर पडून असेल, तर गावी पोहोचल्यावर यादी राखाडी दिसेल. निघायच्या दिवशी प्रत्येक फोनवर प्रत्येक ॲप वायफाय चालू असताना एकदा उघडा, तेवढ्याने मुदत पुन्हा सुरू होते.

तिसरी अडचण भाड्याच्या सिनेमाची, आणि इथे शहाणी माणसेही फसतात. ॲपल टीव्ही, गूगल किंवा प्राइम व्हिडिओवर एखादा सिनेमा भाड्याने घेतला, तर साधारणपणे तो सुरू करायला ३० दिवस मिळतात, पण एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवावा लागतो. घरी ‘नीट उतरलाय का बघू’ म्हणून दहा सेकंद चालवला, की ४८ तासांचे घड्याळ तिथेच चालू झाले. शनिवारी गावी पोहोचून रविवारी रात्री लावाल तोवर तो गेलेला असेल. म्हणून वर्गणीतले सिनेमे आणि गाणी विमान-मोडवर वाजवून जरूर तपासा, पण भाड्याच्या सिनेमाची फक्त ‘डाउनलोड झाले’ ही खूण बघा, प्लेला हात लावू नका. वर्गणीच्या ॲपमध्येही काही सिनेमांना ‘सुरू केल्यापासून ४८ तास’ अशी अट असते. ती डाउनलोडच्या यादीत नावाखाली लिहिलेली असते.

जागेचा हिशेब सोपा आहे. २ मेगाबिट प्रतिसेकंद दराने साठवलेला अडीच तासांचा सिनेमा सव्वादोन जीबी घेतो. सहा सिनेमे म्हणजे साडेतेरा जीबी. फोनच्या छोट्या पडद्यासाठी दर्जा ‘स्टँडर्ड’ ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही आणि जागा बरीच वाचते. अँड्रॉइड फोनमध्ये मेमरी कार्डाची जागा असेल तर नेटफ्लिक्स आणि प्राइम दोन्ही कार्डावर उतरवू देतात, मात्र ते कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले तर काही चालत नाही.

गावच्या टीव्हीवर दाखवायचे असेल तर फोनवर विसंबू नका. बऱ्याच ॲपांत उतरवलेला सिनेमा नेटशिवाय टीव्हीवर पाठवता येत नाही. लॅपटॉप नेणे बरे. प्राइम व्हिडिओचे विंडोजसाठीचे ॲप सिनेमा उतरवू देते, तर नेटफ्लिक्सच्या विंडोज ॲपने २०२४ मध्ये ही सोय काढली. लॅपटॉप एचडीएमआय वायरने थेट टीव्हीला जोडा. मध्ये स्वस्तातला व्हीजीए कन्व्हर्टर लावला तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. वायर बिघडलेली नसते. सिनेमा संरक्षित आहे, आणि मधल्या प्रत्येक उपकरणाने ते संरक्षण ओळखावे लागते. कन्व्हर्टर ते ओळखत नाही.

घरातल्या सहाजणांसाठी कुटुंब-वर्गणी घेताना अटी वाचा. ॲपल म्युझिकची कुटुंब-वर्गणी सहाजणांना पुरते. यूट्यूब प्रीमियममध्ये मुख्य माणूस आणि आणखी पाच असे जोडता येतात, पण सगळे एकाच घरात राहणारे हवेत. पुण्यात हॉस्टेलवर असलेल्या भाच्याला आत घेणे अटीत बसत नाही. एकाच वेळी चार ओटीटी चालू ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. एक महिना एक, पुढच्या महिन्यात दुसरे. आधी तुमच्या ब्रॉडबँडच्या किंवा मोबाइल रिचार्जच्या प्लॅनमध्ये काय फुकट येते ते बघा, अनेक घरांत त्याच गोष्टीचे पैसे दोनदा जात असतात. वर्गणी आपोआप नूतन होऊ नये असे वाटत असेल, तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन ती थांबवा. नुसते ॲप काढून टाकल्याने पैसे जाणे थांबत नाही.

मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करून मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनुसार यू/ए १३+ आणि त्यावरच्या मजकुराला पालकांचे कुलूप देणे ओटीटींना बंधनकारक आहे, म्हणजे ती सोय प्रत्येक ठिकाणी असतेच, फक्त शोधावी लागते. एक फट मात्र राहते: काही ॲपांत मोठ्यांनी उतरवलेले सिनेमे त्याच फोनच्या डाउनलोड यादीत मुलांनाही दिसतात. फोन मुलांच्या हाती देण्याआधी त्यांच्या प्रोफाइलमधून ती यादी एकदा पाहून घ्या.

आता गाडीचा पेनड्राइव्ह. इथे विकत घेतलेली फाइलच लागते, आणि भारतात मराठी गाण्यांसाठी मोठे दुकान म्हणजे ॲपलचे आयट्यून्स स्टोअर. ते इथे डिसेंबर २०१२ पासून आहे. ॲपल म्युझिकची वर्गणी वेगळी आणि स्टोअर वेगळे, ही गल्लत फार होते. वर्गणीतून उतरलेली फाइल एम४पी असते, कुलूपबंद. स्टोअरमधून विकत घेतलेली एम४ए असते, २५६ केबीपीएसची (हा आवाजाच्या दर्जाचा आकडा), कुलूप नसलेली. दोन्ही एकाच ॲपमध्ये शेजारी शेजारी दिसतात. गाण्याची माहिती उघडून ‘प्रकार’ या ओळीत ‘विकत घेतलेली’ असा उल्लेख आहे का ते बघा, मगच ती पेनड्राइव्हवर टाका. आयफोन नसला तरी हरकत नाही. विंडोज संगणकावर आयट्यून्स घालून भारतातले खाते उघडा, पैसे यूपीआयने भरता येतात. कुटुंब-शेअरिंग चालू केले तर एकाने घेतलेले गाणे बाकीच्या पाचजणांनाही उतरवता येते. खरेदी केली की त्याच दिवशी फाइलची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा. हक्कदार कंपनीने उद्या अल्बम स्टोअरमधून काढला तर तो परत उतरवता येईलच असे नाही, तुमच्याकडची प्रत मात्र वाजत राहते.

स्वतंत्र कलाकारांची गाणी विकत घ्यायला बँडकँप ही साइट चांगली. एकदा पैसे भरले की एमपी३ ३२० किंवा फ्लॅक, हव्या त्या स्वरूपात फाइल मिळते. तिथे भारतीय कार्ड नाकारले जाण्याचे नेहमीचे कारण साइटचे नसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमधून परदेशी व्यवहार चालू करा, कमाल रक्कम पाचशे-हजारावर ठेवा, आणि काम झाले की परत बंद करा.

फाइली हातात आल्यावर गाडीतल्या स्टिरिओचे नखरे सुरू होतात. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा घ्या आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करा, अनेक स्टिरिओंना दुसरे काही वाचता येत नाही. पाच मिनिटांचे ३२० केबीपीएसचे गाणे १२ एमबी होते, म्हणजे ३२ जीबीत अडीच हजार गाणी आरामात बसतात. जुना स्टिरिओ एम४ए वाजवत नसेल तर आयट्यून्समध्येच आयात-सेटिंगला एमपी३ निवडून गाण्याची एमपी३ प्रत काढता येते. दर्जा किंचित उतरतो, पण एसी आणि इंजिनच्या आवाजात तो कुणालाच ऐकू येणार नाही.

आणि ते चौकोन! गाण्याचे नाव देवनागरीत असले की पडद्यावर ओळीने रिकामे चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. कारणे दोन असू शकतात. स्टिरिओत देवनागरी फाँटच नसेल तर काही इलाज नाही, नावे रोमन लिपीतच लिहावी लागतील. पण काही वेळा फाँट असतो आणि टॅगची, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीची, आवृत्ती आड येते. एमपी३टॅग हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, सगळी गाणी निवडा, सेटिंगमध्ये आयडी३ (टॅगचे स्वरूप) ची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ (अक्षरे साठवण्याची पद्धत) निवडून परत साठवा. २.४ आवृत्ती जुन्या यंत्रांना समजत नाही. गाण्यांचा क्रम बिघडत असेल तर फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला.

घरात जुन्या सीडी असतील तर त्या आधी बाहेर काढा, उगाच परत पैसे कशाला. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ५२(१)(ए) खाजगी वापरासाठीच्या रास्त वापराला मुभा देते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने अशा वापरासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणेही त्यात स्पष्टपणे आले. तुमची सीडी, तुमचा संगणक, तुमची गाडी, इथपर्यंत ठीक. तीच फाइल नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की खाजगी वापर संपला. डीव्हीडीचे प्रकरण वेगळे, कारण तिच्यावर बहुधा डिजिटल कुलूप असते. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे कलम ६५ए खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावी सिनेमा दाखवायचा असेल तर डीव्हीडी प्लेअरच न्या, तेवढेच सोपे.

आता आजोबांची नाट्यपदे, म्हणजे तिसरा प्रकार. भारतात सिनेमा आणि ध्वनिमुद्रण यांचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९६३ साली प्रकाशित झालेला सिनेमा १ जानेवारी २०२४ ला मोकळा झाला. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ सिनेमा म्हणून कधीच मोकळा झालेला आहे. पण गाण्याच्या बाबतीत तीन थर वेगळे मोजावे लागतात: मुद्रण, शब्द आणि चाल. शब्द आणि चाल यांचा हक्क लेखकाच्या आणि संगीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो.

बालगंधर्वांची १९३० च्या दशकातली तबकडी घ्या. मुद्रणाची मुदत संपली. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे असतील तर ते १९४८ मध्ये वारले, म्हणजे २००८ अखेर मुदत संपली. चाल भास्करबुवा बखल्यांची असेल तर ते १९२२ मध्येच गेले, गोविंदराव टेंब्यांची असेल तर १९५५, म्हणजे २०१५ अखेर. तिन्ही थर मोकळे, बिनधास्त उतरवा. आता अभंग. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण चाल श्रीनिवास खळ्यांची असेल तर ते २०११ मध्ये वारले आणि त्या चालीचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. ‘गीतरामायणा’बद्दल तर हमखास चूक होते. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीवर झाले, साठ वर्षे उलटली, म्हणून मोकळे, असे लोक धरून चालतात. गदिमा १९७७ मध्ये गेले, सुधीर फडके २००२ मध्ये. शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि संगीत २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. ते विकत घ्या किंवा वर्गणीच्या ॲपवर ऐका.

मोकळ्या कृती शोधायला विकिमीडिया कॉमन्स आणि इंटरनेट अर्काइव्ह या दोन जागा. कॉमन्सवर प्रत्येक फाइलखाली ती का मोकळी आहे हे लिहिलेले असते, म्हणून ती अधिक भरवशाची. अर्काइव्हवर कुणीही काहीही चढवतो, तेव्हा तिथे आहे म्हणून मोकळे आहे असे नाही, वरचा तीन थरांचा हिशेब तिथे स्वतःच करावा लागतो. सिनेमा उतरवताना एमपी४ स्वरूप निवडा, टीव्हीच्या यूएसबीला तेच सहसा चालते. फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर ती फॅट३२ पेनड्राइव्हवर जाणारच नाही, आणि जागा भरपूर असताना ‘फाइल खूप मोठी आहे’ असा संदेश येईल. टीव्हीसाठीचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा आणि तो एक्सफॅटने फॉरमॅट करा.

फुकट आणि कायदेशीर अशा आणखी जागाही आहेत. प्रसार भारतीचे वेव्ह्ज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झाले, दूरदर्शनच्या जुन्या मालिका तिथे सापडतात. राजश्री मराठी, शेमारू मराठीबाणा अशा यूट्यूब चॅनेलांवर हक्कदारांनीच अख्खे सिनेमे ठेवलेले आहेत. ते यूट्यूबच्या ॲपमधल्या बटणानेच साठवा. बाहेरच्या साइटवर दुवा चिकटवून एमपी४ काढणे यूट्यूबच्या अटींविरुद्ध आहे, मग सिनेमा कितीही जुना असो. लहानांसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर आहे. तिथल्या मराठी गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, उतरवा, छापा, वाटा, फक्त नाव द्या.

चॅनेल अधिकृत आहे की नाही हे ओळखायला सिनेमाच्या श्रेयनामावलीत आलेले निर्मात्याचे किंवा लेबलचे नाव चॅनेलच्या नावाशी ताडून बघा. ‘कॉपीराइट भंगाचा हेतू नाही’ असे खाली लिहिलेले असेल तर उलट सावध व्हा. हक्कदाराला असे लिहायची गरज काय? टेलिग्रामवरून आलेली ‘प्रीमियम फ्री’ एपीके (ॲपची फाइल) तर फोनमध्ये घेऊच नका. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि तुमचे ओटीपी तिच्या मालकाकडे जातात. आजोबांनी चुकून ती घातलीच तर फोन विमान-मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

परदेशात राहणाऱ्या मुलांना एक सूचना. प्रत्येक देशाची यादी वेगळी असते. भारतात उतरवलेला सिनेमा तिकडे उतरल्यावर दिसेनासा होऊ शकतो, आणि ॲपलची खरेदी खात्याच्या देशाशी बांधलेली असते. विकत घेतलेली एम४ए फाइल मात्र कुठेही वाजते.

राहिला सोसायटीचा हॉल. गाणी आणि सिनेमा यांचा हिशेब इथे वेगळा आहे. रहिवाशांच्या सामाईक बंद हॉलमध्ये, मुख्यतः रहिवाशांच्याच सोयीसाठी ध्वनिमुद्रण ऐकवायला कलम ५२(१)(के) मुभा देते. लग्नाची वरात आणि त्याच्या सोबतचे समारंभ यांनाही कायद्यात वेगळी सवलत आहे. सिनेमाला मात्र ही मुभा लागू धरू नका. ओटीटीची वर्गणी घरगुती वापरापुरती असते, हॉलमध्ये पन्नास मुलांसमोर लावणे तिच्या अटींत बसत नाही, तिकीट नसले तरी. डीव्हीडीचेही तेच. दोन रस्ते उरतात. साठ वर्षे उलटलेला जुना सिनेमा कॉमन्सवरून एमपी४ मध्ये उतरवून लावा, किंवा निर्मात्याच्या नाहीतर वितरकाच्या कार्यालयाला ईमेल पाठवून एका खेळाची लेखी परवानगी मागा. त्यात तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षक आणि ‘विनातिकीट’ हा शब्द असू द्या. मे महिन्याच्या खेळासाठी पत्र मार्चमध्येच गेलेले बरे.